बाराशे चौदा त्रुटींचा चार्ज

पुष्पलता वरठाबद्दल सांगायचं तर आधी माझ्याबद्दल वाईट सांगावं लागेल. त्याला इलाज नाही. मी गोकुळ भोये, मूळचा दाभोशाचा, जव्हारच्या एका सरकारी कार्यालयातून वरिष्ठ लिपिक म्हणून निवृत्त झालो. कोणतं कार्यालय ते विचारू नका. तीस वर्षं नोकरी केली, कुणाचा फुकट चहा प्यालो नाही, आणि तरी एका पोरीचं नुकसान माझ्या हातून झालं. हातून म्हणजे, हात वेळेवर न उचलल्यामुळे झालं.

पुष्पलता वांगणीची. वावर गावाच्या पुढे जीप जिथे थांबायची तिथून तिचं खरं चालणं सुरू व्हायचं. बाप माघ्या, आई धोंडीबाई. भात झोडून झालं की दोघं भिवंडीकडे वीटभट्टीवर जायची आणि होळीला परत यायची. पोर आश्रमशाळेत राहून बारावी झाली, मराठी टायपिंगची परीक्षा पास झाली, जव्हारात एका खोलीतल्या क्लासमध्ये कॉम्प्युटर शिकली. २००३ साली आमच्या कार्यालयात पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा त्याला हात लावायची कुणाची छाती होईना. मग करारावर ऑपरेटर घ्यायचं ठरलं आणि ही आली. अकरा महिन्यांचा करार, मग चार दिवसांचा खंड, मग परत अकरा महिने. दर खंडात ती घरी जायची आणि पाचव्या दिवशी तीच चप्पल कॉम्प्युटरच्या खोलीबाहेर काढलेली दिसायची.

बोलायची कमी. दुपारी नागलीची भाकर आणि सुक्या बोंबलाची चटणी घेऊन माझ्या टेबलाशी बसायची. मला भाऊ म्हणायची. माझी मुलगी तिच्याच वयाची, लग्न होऊन मोखाड्याला गेलेली, त्यामुळे डब्याच्या वेळी मलाही बरं वाटायचं. कॉम्प्युटरवर मात्र तिचा हात असा चालायचा की बघत राहावं. पाड्यापाड्यांच्या याद्या, वसतिगृहातल्या पोरांच्या याद्या, दाखले, पत्रं, सगळं तीच. आम्ही जुने लोक नुसते मागे उभे राहून सूचना करायचो. सूचना करायला काय जातं हो?

आता साहेबांकडे येतो. २००५ च्या दिवाळीनंतर नवे साहेब आले, देशावरचे. माणूस वाईट नव्हता, पण त्यांना एक वेड होतं: निरंक, म्हणजे काहीच शिल्लक नाही. कोणतंही रजिस्टर उघडलं की शेवटच्या रकान्यात ‘प्रलंबित – निरंक’ दिसलं पाहिजे. आकडा दिसला की त्यांच्या कपाळाला आठी. त्यांनी एकदा कॉम्प्युटरच्या कुठल्याशा मासिकाबरोबर फुकट मिळालेली सीडी आणली आणि पुष्पलताला म्हणाले, “मॅडम, हे टाका. मशीनची सफाई होते म्हणे.”

तिने टाकलं. दहा मिनिटं एक पट्टी सरकत राहिली आणि मग पडद्यावर लाल चौकट उगवली. बाराशे चौदा त्रुटी. शेजारी धोक्याचा त्रिकोण.

साहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला. “बाराशे चौदा? एका मशीनमध्ये? तुम्ही करता काय दिवसभर?”

पुष्पलता उभी राहिली. “साहेब, या चुका नाहीत. कॉम्प्युटरची स्वतःची एक नोंदवही असते, रजिस्ट्री म्हणतात. आपण एखादा प्रोग्राम काढून टाकला तरी त्याचं नाव तिथे राहतं. मेलेल्या माणसाचं नाव मतदार यादीत राहतं तसं. तो काही मत द्यायला येत नाही. या नोंदी निरुपद्रवी आहेत. राहू द्यायच्या.”

“पण यादीत आहेत ना?”

“आहेत.”

“मग कमी करा. निरंक करा.”

झालं! त्या दिवसापासून मासिक अहवालात एक नवा रकाना आला: संगणकीय त्रुटी. साहेबांनी स्वतः पट्टीने आखला. दर महिन्याला त्यात पुष्पलता आकडा लिहायची आणि दर महिन्याला साहेब तिला खुलासा मागायचे. ती खुलाशात लिहायची, ‘सदर नोंदी निरुपद्रवी आहेत.’ साहेब शेरा मारायचे, ‘खुलासा असमाधानकारक.’ मी ते कागद नस्तीला, म्हणजे फाइलला, लावायचो आणि मनात हसायचो. हसायला मला काय झालं होतं? माझ्या गळ्यात थोडंच पडलं होतं!

फेब्रुवारी २००६ मध्ये तिला पत्र आलं. ठाण्याला, दुसऱ्या एका खात्यात, लिपिक-टंकलेखक. कायम नोकरी. मी ते पत्र दोनदा वाचलं. त्यांच्या पाड्यात तोवर कुणाला सरकारी शिक्का मारलेलं स्वतःच्या नावाचं पत्रच आलं नव्हतं, मग कायम नोकरीचं कुठून येणार? पत्रात तीन ओळी महत्त्वाच्या होत्या. अठ्ठावीस फेब्रुवारीला कार्यालयीन वेळेत हजर व्हावे. येताना अनुभव प्रमाणपत्र व कार्यमुक्तीचा आदेश मूळ प्रतीत आणावा. विहित दिनांकास हजर न झाल्यास निवड रद्द समजून प्रतीक्षा यादीतील पुढील उमेदवारास बोलावण्यात येईल.

पुष्पलताने दोन्ही कागद टाइप करून साहेबांसमोर ठेवले. साहेब खूश झाले, अभिनंदन केलं, पेढे आणायला माणूसही पाठवला. पण सही केली नाही. म्हणाले, “आधी चार्ज देऊन टाका. चार्ज झाला की लगेच सही.”

चार्ज म्हणजे काय ते बाहेरच्यांना सांगायला हवं. आमच्याकडे माणूस खुर्ची सोडतो तेव्हा त्याच्या ताब्यातल्या सगळ्याची यादी करतो. टेबल, कपाटाच्या किल्ल्या, रजिस्टरं, प्रलंबित प्रकरणं. देणारा सही करतो, घेणारा सही करतो. घेणाऱ्याची सही झाली की यादीतलं सगळं त्याच्या बोकांडी. पुष्पलताचा चार्ज घ्यायचा होता मला. यादीत तिने कॉम्प्युटर लिहिला, प्रिंटर लिहिला, माउस लिहिला, कापडी आच्छादनसुद्धा लिहिलं. आणि साहेबांच्या हुकमाने शेवटची बाब लिहिली: संगणकीय त्रुटी – १२१४.

मी पेन बंद केलं.

आता मला शिव्या घालण्याआधी माझंही ऐका. १९९४ साली मी एका वसतिगृहाच्या भांडाराचा चार्ज घेतला होता. देणारा माणूस गोड बोलणारा, म्हणाला, “भोये, मोजायचं काय त्यात, सगळं बरोबर आहे.” मी सही केली. सहा महिन्यांनी तपासणी झाली तेव्हा चाळीस सतरंज्या कमी. त्या सतरंज्या मी डोळ्यांनी पाहिल्या नव्हत्या हो! चौकशी लागली. सात वर्षं ते भिजत घोंगडं. माझी बढती अडली, बाजारात लोक मला सतरंजीवाला म्हणायला लागले, बायकोने गावच्या लग्नाला जाणं बंद केलं. तेव्हा मी शपथ घेतली की जे माझ्या डोळ्यांना दिसत नाही आणि हाताला लागत नाही त्याच्यावर सही करणार नाही. आणि इथे तर बाराशे चौदा होत्या. दिसत नव्हत्या, हाताला लागत नव्हत्या.

“पुष्पे,” मी म्हणालो, “निरंक करून दे, डोळे मिटून सही करतो.”

ती म्हणाली, “भाऊ, त्यांना हात लावला तर दुसरं काही बिघडेल.”

“ते मला सांगू नकोस.”

शुक्रवारी, चोवीस तारखेला, तिने हात लावला. त्या फुकटच्या सीडीत एका वेळी पन्नासच नोंदी निघायच्या. पन्नास काढायच्या, परत शोध लावायचा, दहा मिनिटं पट्टी बघायची, परत पन्नास. मध्येच लाइट जायची. तेव्हा भारनियमन असं होतं की लाइट आली की बातमी व्हायची. लाइट आली की परत पहिल्यापासून शोध. दुपारची भाकर तिने डब्यातच ठेवली. संध्याकाळी सात वाजता पडद्यावर हिरवी चौकट आली आणि शून्य दिसलं. मी खरंच टाळी वाजवली.

तिने मात्र आधी मराठी टायपिंगचा प्रोग्राम उघडला. ‘प्रति’ लिहिलं. पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा चिवडा. परत लिहिलं, परत चिवडा. कार्यालयातलं तीन वर्षांचं एकूणएक पत्र उघडून पाहिलं, सगळ्यांचा चिवडा झालेला. साहेब मागे येऊन उभे राहिले होते. “हे काय केलंत मॅडम? सोमवारी मला आयुक्तांना पत्र पाठवायचंय!”

सुदैवाने तिने आधी जुन्या नोंदींची प्रत काढून ठेवली होती. ती परत घातली. मराठी आली. आणि शोध लावला तर लाल चौकटीत बाराशे चौदा, एकही कमी नाही. निरंक करावं तर मराठी जाते, मराठी ठेवावी तर निरंक होत नाही. आता बोला! पुष्पलता खुर्चीत बसून राहिली. हात मांडीवर, बोटं हलत होती, अजून टाइप करत असल्यासारखी. मला तिची कीव आली. पण कीव येणं वेगळं आणि सही करणं वेगळं.

शनिवार चौथा म्हणून सुट्टी, मग रविवार. ते दोन दिवस फुकट गेले.

सोमवारी ती सकाळी नऊलाच आलेली होती. मला म्हणाली, “भाऊ, मार्ग सापडला.” त्या प्रोग्रामातच एक सोय होती: ज्या नोंदी धोक्याच्या नाहीत त्या वगळायच्या. पुढच्या शोधात तो त्यांना मोजतच नाही. तिने एकेक पान निवडून सगळ्या वगळल्या होत्या. हिरवी चौकट, शून्य. मराठीही जागेवर. साहेबांनी येऊन पाहिलं, मान डोलावली, म्हणाले, “छान. भोये, चार्ज घेऊन टाका, मी लगेच दोन्ही कागदांवर सही करतो.”

तिथेच सगळं संपायला हवं होतं. तिने यादीत ‘निरंक’ टाइप केलं, मी पेन उघडलं, आणि मला अवदसा आठवली. मी चष्मा लावून पडद्यापाशी गेलो. शून्याच्या खाली बारीक अक्षरांत एक ओळ होती. मला इंग्रजी थोडं येतं. वगळलेल्या नोंदी: १२१४.

“साहेब,” मी म्हणालो, “या गेल्या नाहीत. नुसत्या झाकल्यात.”

अहो, कशाला बोललो मी! कुणी विचारलं होतं मला? पण तोंडातून गेलं ते गेलं. साहेब वाकले, ती ओळ वाचली, आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. “मॅडम, हे बरोबर नाही.”

“साहेब, मी लपवलं नाही,” पुष्पलता म्हणाली. “त्यात तशीच रीत असते.” मग माझ्याकडे वळली. “भाऊ, मी तुम्हाला फसवीन का?”

मी खाली बघितलं. म्हणालो, “तू नाही फसवणार. पण उद्या कुणी विचारलं तर उत्तर मला द्यायचंय. साहेबांनी लेखी द्यावं की या नोंदी निरुपद्रवी आहेत, मी सही करतो.”

साहेब म्हणाले, “मी काय कॉम्प्युटर इंजिनियर आहे? जिल्ह्याहून लेखी आलं तर मी देतो.” जिल्ह्याला फोन लावला. तासाभराने लागला. तिकडचा माणूस म्हणाला, “मशीन पाठवून द्या, आठ दिवसांत बघून सांगतो.” दिवस मावळला. आम्ही तिघंही बरोबर होतो, आणि त्या पोरीला जायला कुठूनही वाट उरली नव्हती.

मंगळवार, अठ्ठावीस तारीख. ठाण्याची गाडी सव्वाअकराला सुटायची. ती मिळाली की साडेचारपर्यंत ठाणं. माघ्या आणि धोंडीबाई भट्टीवरून दोन दिवसांची सुट्टी घेऊन आले होते, पोरीला पोचवायला. पत्र्याची पेटी घेऊन दोघं स्टँडवर बसली होती. पुष्पलता कार्यालयात, अंगावर नवी साडी, केसांत अबोलीचा गजरा. सकाळपासून लाइट नव्हती. मशीन बंद, पडदा काळा, आणि आम्ही त्या काळ्या पडद्यातल्या बाराशे चौदा त्रुटींवरून हुज्जत घालत होतो. मी तेच म्हणत होतो, साहेब तेच म्हणत होते. ती एकदा माझ्याकडे, एकदा साहेबांकडे, अशी जात होती. दोन टेबलांमध्ये दहा पावलांचं अंतर. किती फेऱ्या मारल्या असतील देव जाणे.

अकरा वाजता ती माझ्यासमोर उभी राहिली. “भाऊ, एक सही.”

सांगतो ते खरं, मला तिची गाडी दिसत होती, पत्र दिसत होतं, सगळं दिसत होतं. पण पेनाचं टोक कागदाला लागलं की डोळ्यांपुढे सतरंज्या यायच्या. मी भेकड आहे. तेव्हाही होतो. पेन परत ठेवलं.

सव्वाअकरा होऊन गेले. बाराच्या सुमारास माघ्या दारात आला. सडपातळ माणूस, भट्टीच्या धगीने काळवंडलेला. चपला बाहेर काढून आत आला आणि भिंतीशी उभा राहिला.

“भाऊसाहेब, गाडी तं गेली,” तो म्हणाला. त्यात राग नव्हता, मला बातमी सांगायला आला होता. मग विचारलं, “माजे पोरीनं काय केलंय?”

“काही नाही केलं,” मी म्हणालो. “मशीनमध्ये काही नोंदी आहेत. त्या कुणीतरी ताब्यात घ्यायला लागतात.”

“जड हायेत का?”

“नाही.”

“खायाला लागतं त्यांना?”

“नाही रे बाबा.”

माघ्याने जरा विचार केला. मग पुढे आला, माझ्या टेबलावरचा शाईचा पॅड स्वतःच उघडला आणि डावा अंगठा त्यावर दाबला. “मंग माज्या नावावर टाका. कुठं लावू अंगठा?”

त्याचा अंगठा हवेत, निळा. ज्या माणसाकडे स्वतःच्या नावाचा सातबारा नाही तो माझ्या वाट्याच्या त्रुटी स्वतःच्या नावावर घ्यायला तयार होता. मला इतकी लाज त्याआधी कधी वाटली नव्हती, चौकशीच्या सात वर्षांत नाही, बाजारात चिडवलं तेव्हा नाही. मी यादी ओढली, ‘निरंक’ खोडून परत ‘१२१४’ लिहिलं, खाली सही ठोकली आणि ओरडलो, “साहेब, घेतला चार्ज! करा सही!”

साहेबांनी केली. कागद घेऊन ती धावली. मीही मागे धावलो, पन्नाशी उलटलेला माणूस, बाजारातून. एक जीप मनोरपर्यंत जाणार होती, पण माणसं भरल्याशिवाय हलेना. मी ड्रायव्हरच्या हातापाया पडलो, तरी एक वाजला. मनोरला दुसरं वाहन, पुढे घोडबंदरच्या रस्त्यावर गर्दी. ती ठाण्याला पोचली तेव्हा सव्वासहा झाले होते. कार्यालय पावणेसहाला बंद झालेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला ती तिथल्या टेबलासमोर उभी राहिली तर त्यांनी तिचे दोन्ही कागद बघितले, तारीख बघितली, आणि सांगितलं की पुढच्या उमेदवाराला तार गेली. नियम त्यांचाही बरोबरच होता.

गुरुवारी मी कार्यालयात आलो तर कॉम्प्युटरच्या खोलीबाहेर तिची चप्पल. साहेबांनी कार्यमुक्तीचा आदेश मागे घेतला होता. आत ती आच्छादन काढून घडी करत होती. मला वाटलं होतं रडेल, निदान बोलेल. शिव्या दिल्या असत्या तर मी आनंदाने खाल्ल्या असत्या. ती म्हणाली, “भाऊ, आयुक्तांच्या पत्राची कार्यालयीन प्रत कुठाय?” मी प्रत दिली. दुपारी ती डबा घेऊन माझ्या टेबलाशी आली नाही. त्यानंतर कधीच आली नाही.

पुढे साहेब बदलून गेले. नव्या साहेबांनी त्रुटींचा रकाना पाहिला, “हे काय?” म्हणून हसले आणि काढून टाकला. इतकं सोपं होतं ते. २००८ मध्ये नवी मशीन आली, जुनी अडगळीच्या खोलीत गेली. तिच्यावर धूळ साचली, उंदरांनी वायर कुरतडली. माझ्या चार्जच्या यादीत मात्र ती बाब तशीच राहिली, कारण यादीतून काही कमी करायचं तर वरची मंजुरी लागते आणि मी मागितली नाही. पुष्पलताचे करार चालू राहिले. अकरा महिने, चार दिवस, अकरा महिने. नव्या भरतीसाठी तिचं वय होऊन गेलं. माघ्या एका वर्षी भट्टीवरून आजारी होऊन आला आणि पुढच्या हंगामाला परत गेलाच नाही. ते मला दुसऱ्यांकडून कळलं.

२००९ च्या मे अखेर मी निवृत्त झालो. लिपिकाची जागा रिकामीच राहणार होती, तेव्हा हुकूम निघाला की माझा चार्ज तात्पुरता ऑपरेटरने घ्यावा. म्हणजे तिने. मी यादी तिच्यापुढे ठेवली. सत्तावन्न बाबी. शेवटची बाब माझ्याच अक्षरात होती. मी ती खोडायला पेन पुढे केलं. म्हटलं, “पुष्पे, हे राहू दे बाजूला. मी मंजुरीचं बघतो.”

तिने माझा हात हळूच बाजूला केला. “असू द्या, भाऊ. निरुपद्रवी आहेत,” ती म्हणाली.

आणि यादी न मोजता, भिंतीवरच्या घड्याळाकडे न बघता, तिने खाली सही केली. माझ्याकडे तिने मागितली होती ती एवढीच.